सहा कोयत्यांचा मायादुर्ग

कचरू वीरला शिरूर कासारात कुणी आळशी म्हटलं असतं, तर त्यानं ते हसून घालवलं असतं. पण लोक त्याला आळशी म्हणत नसत, 'बिचारा' म्हणत, आणि त्या शब्दाची त्याला अशी चीड होती की तो कानावर पडला की अर्धा चहा टाकून उठायचा. धडधाकट शरीर, खणखणीत आवाज, जयंतीच्या मिरवणुकीत लेझमाची पहिली रांग एकेकाळी त्याच्या पावलावर चालायची. अशा माणसाला बिचारा म्हणायचं म्हणजे काय?

पण लोक म्हणत, आणि त्याला कारण होतं. ऊसतोडीच्या मुलखात माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. एक कोयता म्हणजे एक जोडी, बहुतेक नवरा-बायकोची. एकानं ऊस तोडायचा, दुसऱ्यानं मोळी बांधायची. जोडीतलं एकटंच माणूस आलं तर तो अर्धा कोयता. कचरू आणि त्याची बायको मनकर्णा हा मुकादम आप्पांच्या टोळीतला अव्वल कोयता होता. मग एका हंगामात दव पडलेल्या उसाच्या फडात कचरूचा पाय घसरला आणि स्वतःचाच कोयता स्वतःच्या डाव्या हातावर बसला. हात राहिला, पण त्याची तीन बोटं नुसती शोभेची उरली. ऊस धरायचा तो डाव्या हातानं. धरताच येत नसेल तर तोडणार काय? आप्पा तोंडाचे फटकळ, पण खोटं बोलणारे नव्हेत. ते म्हणाले, "कचरू, तू आता अर्धा बी न्हाईस गड्या."

तेव्हापासून दसरा झाला की मनकर्णा एकटी जायची, भाऊ-भावजयीच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या खोपटाला, आपली कोपी लावून, अर्धा कोयता म्हणून. उन्हाळा लागेपर्यंत कचरू आणि त्यांची लेक चैताली शिरूरला. पोरीच्या वेण्या कचरूला एका हातानं येत नसत. शेजारच्या बाया घालून द्यायच्या, आणि घालता घालता 'बिचारा' म्हणायच्या.

कचरूला काम मिळालं ते सिद्धलिंग मिटकरीच्या दुकानात. ते दोन हजार सातच्या आसपासचे दिवस. देशात म्हणे सगळं खुलं झालं होतं. शिरूरपर्यंत ते खुलेपण यायला उशीर लागला, आणि आलं ते भांड्यांच्या दुकानातून. मिटकऱ्यांचं पिढीजात भांड्यांचं दुकान. धाकट्या सिद्धलिंगानं मधे प्लायवूड ठोकून त्याचे दोन भाग केले. डावीकडे वडिलांची पातेली आणि घागरी, उजवीकडे सहा कॉम्प्युटर आणि वर पाटी, 'महादेव नेट कॅफे'. गिऱ्हाइकांनी चपला बाहेर काढायच्या असा नियम होता, कारण कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. शिरूरला धुळीशिवाय काही चालत नाही, हा भाग वेगळा. कचरूनं झाडायचं, चपलांवर नजर ठेवायची आणि वीज गेली की मागच्या बोळातलं जनरेटर सुरू करायचं. वीज दिवसातून इतक्यांदा जायची की खरं काम तेच होतं. त्या जनरेटरला सिद्धलिंगानं हात लावला की ते रुसायचं. कचरूच्या उजव्या हाताला मात्र एका झटक्यात ऐकायचं.

या सिद्धलिंगाला एक वेड होतं. त्याचं नाव मायादुर्ग.

मायादुर्ग हा खेळ होता, आणि गंमत म्हणजे तो अजून आलाच नव्हता. पुण्यातली एक कंपनी तो बनवत होती. हजारो माणसं आपापल्या गावी बसून एकाच वेळी, एकाच जादूच्या मुलखात खेळणार. सिद्धलिंग त्याची वाट अशी बघत होता जशी लोक मुलीच्या बाळंतपणाची बघतात. खेळ अक्षय्य तृतीयेला येणार होता, मग गणपतीत येणार होता, मग नुसता 'लवकरच' येणार होता. त्याची छोटी फिल्म नेटवर आली तेव्हा ती उतरवायला अख्खी दुपार गेली, आणि मग ती बघायला अर्धा बाजार दुकानात उभा राहिला. चपला काढून.

कचरू झाडायचा आणि सिद्धलिंग त्याला खेळ समजावून सांगायचा. ऐकायला दुसरं होतं कोण?

"बघा कचरूभाऊ, संघात सहा पात्रं. एक ढालवाला, एक वैदू, बाकीचे तीर, तलवार न् मंत्रवाले. राक्षस कुणाला मारतो? ज्याच्यावर त्याचा राग जास्त त्याला. आपण वार केला की त्याचा राग चढतो. वैदूनं कुणाला बरं केलं तरी राग चढतो. म्हणून ढालवाल्याचं काम मारायचं न्हाई. आरोळी ठोकायची, सगळा राग आपल्यावर ओढून घ्यायचा, आणि बाकीच्यांना काम करू द्यायचं."

"म्हंजी मुकादम," कचरू म्हणाला.

सिद्धलिंगानं विचार केला आणि मान डोलावली. मुकादमालाही कारखान्याच्या माणसांच्या शिव्या स्वतः खाव्याच लागतात.

असं करता करता कचरूला सगळा खेळ तोंडपाठ झाला. एक अस्त्र वापरलं की त्याचा दम भरेपर्यंत ते पुन्हा चालत नाही. मंत्रवाल्याचं आणि वैदूचं तेज संपलं की ते नुसते बघे. दुर्गाचे दरवाजे सात, आणि सातव्यावर धूम्रकेश नावाचा राखेचा राक्षस. एकदा कचरूनं विचारलं, "हजार लोक एका जागी म्हणल्यावर तंटं व्हतेलच की. ते कोण मिटवतं?"

"त्याला कंपनीचा माणूस आसतो. दुर्गपाल. नव्या माणसांना वाट दाखवायची, भांडणं मिटवायची. पगारी काम हाय."

कंपनीनं सरावासाठी एक आखाडा आधीच नेटवर सोडला होता. एका रिकाम्या दुपारी कचरू त्यात बसला. उजव्या हातात माऊस, त्यानं नेम धरायचा आणि वार करायचा. डाव्या हातानं कळा दाबायच्या, त्यानं चालायचं, ढाल उचलायची, औषध घ्यायचं. उजवा हात तलवारीसारखा चालला. डाव्याच्या बोटांनी एक कळ दाबायची तर तीन दाबल्या. कचरूचा पहिलवान भिंतीवर जाऊन आदळला आणि तिथंच दोन लांडग्यांनी त्याला खाल्लं. कचरू उठला आणि वीज असतानाही मागे जनरेटरपाशी जाऊन बसला. तिथं रडायला बरं पडतं, ते बंद असलं तरी.

मग भाद्रपदात ती बातमी आली. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मायादुर्गाची खुली चाचणी. कुठल्याही गावचा संघ चालेल. जो संघ सातवा दरवाजा पहिल्यांदा फोडेल त्याचं नाव त्या दरवाज्यावर कायमचं कोरलं जाणार, आणि त्या संघातला एक जण दुर्गपाल म्हणून नेमला जाणार. आपल्याच गावात, आपल्याच कॅफेत बसून काम करायचं.

सिद्धलिंग म्हणाला, "जिंकलो तर दुर्गपाल तुमी. मला दुकान हाय."

"सिद्धूशेठ, माजा हात..."

"खेळायला कॉलेजची पोरं हायती. तुमी लोकांना शिकवायचं. सावकाश टाइप केलं तर कोण मारायलंय?"

त्या दिवशी कचरूच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली आणि ती काही केल्या निघेना. हे काम मिळालं तर मनकर्णाला यंदा उसाला जावं लागणार नाही. बाकी दरवाजा, नाव, राक्षस सगळं खड्ड्यात गेलं तरी चालेल. त्यानं घरी तिला हे सांगितलं. मनकर्णा भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला नाही.

"खेळून पोट भरत आसतं तर चैतालीनं आतापस्तोर बंगला बांधला आसता," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "कोयत्याला धार लावून ठिवा माज्या."

कचरूनं धार लावली. करतो काय?

इकडे कॉलेजच्या पोरांनी ऐन वेळेला दगा दिला. बीडला एक नवं कॅफे निघालं होतं, एसी असलेलं, फिरत्या खुर्च्यांचं. तिथंही संघ तयार होत होता. आमचे सहाही वीर एका सकाळी एसटीत बसून बीडच्या संघात गेले. सिद्धलिंगाचा चेहरा असा पडला की वडिलांनी त्याच्यासाठी प्लायवूडच्या पलीकडून चहा पाठवला. त्यातच त्याला आईला घेऊन नारायणगडाला जायचं होतं, नवसाचं होतं, टाळता येत नव्हतं. जाताना तो कचरूला म्हणाला, "कुणी बी सहा बघा. बटन दाबता आलं तरी बास."

कचरू विचार करत आप्पा मुकादमाकडे गेला. दसऱ्यापर्यंत टोळीला काम नव्हतं, बाजरी काढून झाली होती, माणसं पारावर बसून होती.

"आप्पा, सहा पायजेत. दसऱ्याच्या आत मोकळं करतो."

"सहा? काम काय?"

"बसून हाय."

"बसून आसंल तर सगळेच येतेल," आप्पा म्हणाले. "धाडतो सकाळी."

आता इथं चूक झाली, आणि ती ना कचरूच्या ध्यानात आली ना आप्पांच्या. आप्पांनी जन्मात माणसं मोजली नव्हती. त्यांना सहा म्हणजे सहा कोयते. सकाळी कचरू दुकान उघडायला आला तर दारात बाया-गड्यांचा घोळकाच उभा, पदर खोचून, भाकरीची गाठोडी घेऊन. पाच जोड्या, म्हणजे दहा माणसं. आणि त्यांच्या मागं एका बाजूला अकरावी मनकर्णा.

"तू कावून आलीस?" कचरूनं विचारलं.

"आप्पानं धाडलं." ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "म्हणला, सहा सांगितले, साडेपाच हायती. अर्ध्याची भर कचरूला घालू दे."

कचरू तिथंच उभा राहिला. किती तरी हंगामांनी कुणीतरी त्याला अर्ध्यात का होईना, धरलं होतं.

सिद्धलिंग परतला आणि त्यानं कपाळाला हात लावला. खुर्च्या सहा, माणसं बारा, आणि त्यातली निम्मी उखाणे घेत बसलेली. त्यानं समजावून पाहिलं की एका पात्राला एकच माणूस लागतो, निम्म्यांनी घरी जावं. कुणी हललं नाही. मनकर्णाची भावजय कडूबाई, म्हणजे जिच्या तोंडाला टोळीत आप्पाही वचकून असत, ती म्हणाली, "शेठ, जोडी फोडत नसत्यात. एक उठला की दुसरा बी उठंल."

सगळेच उठले असते तर सिद्धलिंगाकडे पातेल्यांशिवाय कुणी उरलं नसतं. तो म्हणाला, बसा.

मग बसणं सुरू झालं. एका स्टुलावर एक, दुसऱ्यावर दुसरं. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याच्या बोटाखाली कळा. कोणाला काय द्यायचं हे ठरवावं लागलंच नाही. तोडणारे माऊसकडे गेले, बांधणाऱ्या कळांकडे. कचरूच्या उजव्या हाताला माऊस आला. डाव्या हाताचं काम मनकर्णाकडे गेलं. त्या दोघांचं पात्र ढालवाल्याचं.

कळांवरची अक्षरं निम्म्यांना वाचता येत नव्हती. मनकर्णानं कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि कळांवर टिकल्या चिकटवल्या. लाल म्हणजे ढाल, पिवळी म्हणजे आरोळी, हिरवी म्हणजे औषध, चालायच्या चार कळांना काळ्या. संध्याकाळपर्यंत सहाही कीबोर्ड हळदी-कुंकवाला निघाल्यासारखे दिसायला लागले.

पहिले दिवस बघवत नव्हते. लांडगा आला की सगळे स्क्रीन सोडून एकमेकांकडे बघायचे. एका जोडीतला नवरा वार करायचा तेव्हा बायको मागे पळवायची आणि मग दोघांचं खरंखुरं भांडण लागायचं. कडूबाई राक्षसांना नावानिशी शिव्या द्यायची. पण ही माणसं लहानपणापासून एका लयीत राबलेली. फडात तोडणारा मागं वळून बघत नाही, आणि बांधणारी त्याला थांबवत नाही. दोनचार दिवसांत तेच इथं उतरलं. आणि मग सिद्धलिंगाला एक गोष्ट दिसली. भले भले खेळाडू वार करायचा तर पाय रोवून उभे राहतात, कारण एका डोक्याला दोन हात सांभाळावे लागतात. हे लोक चालता चालता वार करत होते.

फक्त एका बाबतीत बाया त्याचं ऐकत नव्हत्या. मेलेल्या प्रत्येक जनावरातून थोडं सोनं पडायचं आणि थोडा निळा पाला. सिद्धलिंग ओरडायचा, "पाला उचलू नका, त्यानं जखम लई हळू भरती, फुकट येळ जातो. सगळ्यांनी टाकूनच दिलाय त्यो." बाया माना डोलवायच्या आणि पाला उचलायच्या. उसाचा शेंड्याचा हिरवा भाग, ज्याला वाढं म्हणतात, ते टोळीचं असतं. मोळी बांधणारी ते डोक्यावर घेऊन येते, जनावराला घालते नाहीतर विकते.

"वाढं टाकून येत आसतंय का कुणी?" मनकर्णा म्हणाली. तिच्या दृष्टीनं विषय संपला होता.

रविवार उजाडला. सहा स्क्रीन, बारा माणसं, दारात अर्धा बाजार, आणि प्लायवूडच्या वरून डोकावणारे सिद्धलिंगाचे वडील, मिटकरी शेठ. आप्पाही आले होते, आपली माणसं नेमकं काय करतात ते बघायला. चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत गेला होता.

पहिले सहा दरवाजे आमच्या लोकांनी फड पाडावा तसे पाडले. घाई नाही, आरडाओरड नाही. वरच्या पट्टीत संघांची नावं सरकत होती. पुण्याचे दोन, नागपूरचा एक, आणि सगळ्यांच्या पुढे बीड. बीडवाले सातव्या दरवाज्यावर कधीच पोचले होते. सिद्धलिंग नखं खात होता. "गेलं कचरूभाऊ, गेलं."

आणि पट्टीत अक्षरं उमटली की बीडचा संघ बाद. थोड्या वेळानं पुण्याचा पहिला बाद. मग नागपूर. सातव्या दरवाज्यावर जो जात होता तो मरत होता.

का, ते तिथं गेल्यावर कळलं. धूम्रकेश अर्धा मेला की स्वतःला विझवून घ्यायचा. सगळीकडे राख पसरायची, आणि त्या राखेत कुणाचंच तेज पुन्हा भरायचं नाही. वैदू दोनदा-तीनदा बरं करणार, आणि मग नुसता बघ्या. वर आणि त्याचं तेज संपायच्या आत राक्षसाचा राग त्याच्यावरच जाणार. कडूबाई आणि तिचा नवरा वैदू होते. त्यांचं तेज संपलं.

"आता वं?" कडूबाई म्हणाली.

त्याच क्षणी वीज गेली.

स्क्रीन चालू राहिले, कारण खाली बॅटरीचे डबे होते, पण ते लगेच कुंईकुंई करायला लागले. त्यांचा जीव दोन-चार मिनिटांचा. सिद्धलिंग मागच्या बोळात धावला. झटका मारल्याचा आवाज आला. पुन्हा आला. जनरेटर खोकलं आणि गप्प झालं. कचरूचा पाय सवयीनं उचलला गेला.

मनकर्णानं कळांवरचं बोट न उचलता कोपरानं त्याला दाबून धरलं. "उठायचं न्हाई. आज आपला कोयता मोडत नसतो."

कचरू बसला. डोळे स्क्रीनवर ठेवून तो अशा आवाजात ओरडला, ज्या आवाजावर कधीकाळी लेझमाची रांग वळायची. "शेठ, चोक पुरा ओढा. आता निम्मा सोडा. आता मारा, खांद्यातून मारा." जनरेटर धडधडलं. बाजारातून आवाज उठला. सिद्धलिंग हात काळे करून परत आला तेव्हा त्याला वाटलं, आता नुसतं मरण बघायचं राहिलंय.

पण कुणी मरत नव्हतं. मनकर्णा पिवळी टिकली दाबून आरोळी ठोकत होती, राक्षसाचा सगळा राग आपल्या ढालीवर घेत होती, आणि मधेच हिरवी दाबत होती. हिरवीत आता तेजावर चालणारं औषध नव्हतं. पाला होता. चिमूटभर जखम भरायची, फार हळू, पण भरायची. आणि तो इतका हळू काम करायचा की राक्षसाला त्याचा रागच यायचा नाही.

"पाला लावा गं," मनकर्णा म्हणाली. "समद्याजणी. थोडा थोडा."

सहाही झोळ्या पाल्यानं गच्च भरलेल्या होत्या. त्यानंतर जे झालं ते बघायला काही फार नव्हतं, आणि तरी दारातलं एक माणूस हललं नाही. सहा जोड्या त्या राखेच्या डोंगराभोवती फिरत राहिल्या. तोडणारे तोडत होते, बांधणाऱ्या सांभाळत होत्या. फड संपेपर्यंत उठायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. कचरूनं एकदाही मनकर्णाच्या हाताकडे बघितलं नाही, आणि तिनं एकदाही विचारलं नाही. त्याला पुढं जायचं असे तेव्हा पाय पुढं गेलेले असत. ढाल पाहिजे तेव्हा ढाल वर असे. त्याला फडातला गारठा आठवला, आणि वाटलं, आपण सुखात आहोत. इतका सुखात तो हात कापल्यापासून कधी नव्हता.

धूम्रकेश पडला तेव्हा कुणाला कळलंच नाही. तो नुसता बसला आणि उठला नाही.

"पडला का?" कडूबाईनं विचारलं.

दरवाजा दोन बाजूंना उघडला आणि वर अक्षरं उमटायला लागली, महादेव नेट कॅफे, शिरूर कासार. सिद्धलिंग काळ्या हातांनी तोंड झाकून रडला आणि तोंडही काळं करून घेतलं. मिटकरी शेठनी भांड्यांच्या बाजूनं एक परात उचलली आणि पळीनं अशी बडवली की दुकानाच्या इतिहासात पहिल्यांदा विक्रीचा माल खराब झाला. बाजारात लोक एकमेकांना विचारत होते कोण जिंकलं, आणि सांगणारे सांगत होते, आपला कचरू. त्या दिवशी 'बिचारा' हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या त्या कंपनीतून फोन आला. शिवांजली नावाच्या बाई होत्या, आवाज गोड पण संशयी.

"तुमच्या संघातली सगळी पात्रं चालता चालता वार करत होती. आमच्या चाचणीवाल्यांनाही हे जमत नाही. तुम्ही काही प्रोग्रॅम लावला होता का?"

"न्हाई मॅडम," सिद्धलिंग म्हणाला, "बायका लावल्या होत्या."

मग त्यांना कोयता म्हणजे काय ते सगळं समजावून सांगावं लागलं. पलीकडे बाई कुणाकुणाला विचारत राहिल्या. कचरू भिंतीला टेकून उभा होता, आणि दिवसभराची कमाई हातातून निसटताना बघितलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा झाला होता. शेवटी बाई म्हणाल्या की एका पात्राला एकच खेळाडू असा नियम त्यांनी लिहिलेलाच नाही. असं कुणी करेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि पाला असा वापरता येतो हे त्यांच्यातल्या पाला बनवणाऱ्या एकट्यालाच ठाऊक होतं, आणि तो सकाळपासून नाचतोय.

"पण दुर्गपाल म्हणून एकच नाव लावता येईल," त्या म्हणाल्या. "कोणाचं लावू?"

सिद्धलिंगानं फोन कचरूकडे दिला. टोळीत कोयता नेहमी पुरुषाच्या नावावर असतो. मनकर्णा दारात उभी होती, आणि तिनं बोलायचं काही कारण आहे असं तिला वाटलेलं दिसत नव्हतं.

कचरू म्हणाला, "लिवा बाई. मनकर्णा कचरू वीर. एका नावात दोघं बी बसतेत."

दसऱ्यानंतर टोळी निघाली. ट्रक बाजारातून कॅफेसमोर आला तेव्हा त्यावर भांडीकुंडी, शेळ्या आणि माणसं रचलेली होती. कडूबाई वरून हात हलवत होती. मनकर्णाला तिच्याकडे बघून वाईट वाटलं, आणि खाली उभं राहायला मिळालं म्हणून आनंदही झाला. दोन्ही खरं होतं. आप्पा केबिनमधून उतरून माणसं मोजत होते, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं. मोजून झाल्यावर ते कॅफेच्या पायरीपाशी आले. आत कचरू माऊस धरून बसला होता, शेजारचं स्टूल रिकामं होतं, आणि स्क्रीनवर उघड्या दरवाज्यात कुठकुठली नवी माणसं वाट बघत उभी होती.

"यंदा आर्धा कोयता कमी पडला बग मला, मनकर्णे," आप्पा म्हणाले.

मनकर्णानं चपला काढल्या आणि पायरीवर नीट जोडून ठेवल्या.

"आर्धा न्हाई आप्पा," ती म्हणाली. "पुरा."

आणि ती आत जाऊन आपल्या स्टुलावर बसली.